पाय खाली सोडून बस

ईस्टर जवळ आला की जर्मनीत, आमच्या इंगोलश्टाटच्या रस्त्यांवर पांढरी खोकी दिसायला लागतात. गाडीमागे जोडलेली, वळणावर डुलणारी, हिवाळाभर कुठल्यातरी कोठारात उभी राहून राखाडी झालेली. ती बघून लोकांना तळं आठवतं, तंबू आठवतात, निखाऱ्यावर भाजलेल्या सॉसेजचा वास आठवतो. मला राग येतो.

गेली तीन वर्षं येतोय. चेरीला फुलं यायच्या आधी येतो आणि लायलॅक सुकला तरी जात नाही. माझी बायको वृषाली म्हणते, "लोकांना या दिवसांत परागकणांची अॅलर्जी होते. तुला कॅरव्हॅनची होते." ती हसत म्हणते, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या रागाकडे न बघता बोलायची सवय आमच्या घरात सगळ्यांना झाली आहे.

आमचंही एक पांढरं खोकं आहे. आल्टम्युल नदीच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याच्या कोठारात, ट्रॅक्टर आणि चाऱ्याच्या गठ्ठ्यांच्या मध्ये ते हिवाळा काढतं. मार्चअखेरीस मी दार उघडतो. आतून बंद स्पंजाचा, गारठलेल्या प्लायवूडचा आणि गेल्या मोसमातल्या हिंगाचा वास येतो. हिंग कितीही धुतला तरी कॅरव्हॅन तो सोडत नाही. डोळे अंधाराला सरावले की समोर खिडकीखाली ते टेबल दिसतं. दोन्ही बाजूंना बाक, मध्ये टेबल. एक कड भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेली, दुसऱ्या टोकाला घडीचा एकच पाय. दिवसा टेबल, रात्री ते बाकांच्या पातळीला उतरवून वर गाद्या पसरल्या की पलंग. अशा प्रत्येक कॅरव्हॅनमध्ये असतं. आमचं फक्त थोडं बुटकं आहे. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. मला ते दारातूनच कळतं, कारण त्याचा पाय मी कापला आहे.

आमच्या नात्यागोत्यात या टेबलाची एक गोष्ट झाली आहे. "आईला बसता यावं म्हणून पोरानं टेबल कापलं हो!" पुण्याच्या मावशीला ठाऊक, बार्शीच्या शेजाऱ्यांना ठाऊक. म्युनिकला मराठी लोकांच्या दिवाळीत एक बाई ताटात करंजी वाढता वाढता म्हणाल्या, "असा मुलगा प्रत्येकीला मिळो." मी ताट ठेवून बाहेर गेलो आणि बर्फात उभा राहिलो. मागून वृषाली आली. "काय झालं?" म्हणाली. काही नाही म्हणालो. काय सांगणार? ते टेबल मी आईसाठी कापलंच नव्हतं. तळ्याकाठी शेजारच्या तंबूत राहणाऱ्या फ्राऊ हुबर नावाच्या जर्मन बाईंसाठी कापलं होतं.

आई बार्शीची. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, तेही फरशीवर पोरांच्या मध्ये बसून. उंचीने इतकी लहान की कुठल्याही खुर्चीवर तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. म्हणून ती जिथे जाईल तिथे आधी चपला काढते, मग पाय वर घेते, मांडी घालते, पदर नीट करते, आणि मगच बोलायला किंवा खायला सुरुवात करते. सोफ्यावर मांडी. दवाखान्यातल्या बाकावर मांडी. म्युनिकच्या विमानतळावर मी तिला घ्यायला गेलो तेव्हा ती बाहेर येण्याच्या दाराजवळच्या धातूच्या खुर्चीत मांडी घालून, पर्स मांडीत घेऊन, सगळा विमानतळ आपल्या अंगणात आल्यासारखी बघत बसली होती. त्या वेळी मला हसू आलं होतं. तेच हसू पुढे टिकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मे महिना होता, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारी पेंटेकोस्टची सुट्टी. आम्ही तिला तळ्याकाठच्या कँपिंगप्लाट्झवर, म्हणजे तंबू आणि कॅरव्हॅन लावायच्या मैदानावर नेलं. तळं तिला फार आवडलं. बदकं तर इतकी, की ती त्यांना वर्गातल्या पोरांसारखी ओळीत चालायला सांगायची, मराठीतून. पहिल्या संध्याकाळी वरण-भात झाला, आम्ही आत टेबलाशी बसलो. आई सरकत सरकत खिडकीपाशी गेली आणि सवयीने पाय वर घ्यायला लागली. गुडघा टेबलाच्या कडेखाली अडकला, टेबल हललं, वरणाचं पातेलं कलंडलं. ते बाक आणि टेबल जागेवर खिळलेले. मध्ये पाय लोंबवून बसायचं तेवढंच अंतर.

"हे काय रे," आई म्हणाली, "यात बसायचं का अडकायचं?"

मग ती ताट घेऊन बाकावरून उतरली, शेगडी आणि दार यांच्यामधल्या पट्टीत जमिनीवर बसली, पाठ कपाटाला टेकवली. दार उघडं होतं. संध्याकाळचं ऊन थेट तिच्या ताटात पडलं होतं. "इथं बरंय," ती म्हणाली. "वारा पण येतो."

आता लिहिताना मला ते ऊन दिसतं. त्या दिवशी मी तिच्या खांद्यावरून बाहेर बघत होतो. बाहेर फ्राऊ हुबर झारी घेऊन आपल्या कुंडीपाशी थांबल्या होत्या आणि आत बघत होत्या. आम्ही तिघं वर टेबलाशी, आणि म्हातारी आई खाली दाराशी.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर त्यांनी मला फार हळू आवाजात विचारलं, तुमच्या आईंना वर जागा होत नाही का? मी म्हणालो, पाठीचं दुखणं आहे, डॉक्टरांनी खाली बसायला सांगितलंय. खोटं. इतकं झटकन निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. फ्राऊ हुबरना ते खरं वाटलं. दुपारी त्या एक जाड फुलाफुलांची उशी घेऊन आल्या. जमीन थंड असते म्हणाल्या. आई हरखून गेली. "किती गुणाची बाई आहे बघ!" तिने उशी खाली घातली, तिच्यावर मांडी घातली आणि फ्राऊ हुबरना हातानेच 'बसा ना' म्हणाली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी अर्धा तास गप्पा चालल्या. मी मागे उभा राहून आतल्या आत करपत होतो.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "आई, पाय खाली सोडून बस ना जरा. माणसांसारखं."

तिने मान वर केली. "मग इतकी वर्षं मी कशासारखी बसत होते?"

वृषालीच्या हातातला डाव तसाच राहिला. माझी मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलत नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मला ज्या गोष्टींना उत्तर सुचत नाही त्या मी दुरुस्त करायला घेतो.

मी पोटासाठी काय करतो हे इथे सांगायला हवं. मोटारींच्या सीट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो. वीस वर्षं मी माणसांचं बसणं मोजत आलो आहे. आमच्या संगणकात माणसाचे पुतळे असतात. उंच, बुटके, लठ्ठ, सडपातळ. त्यांना सीटवर बसवायचं, गुडघ्याचा कोन बघायचा, पाठीचा ताण बघायचा. ते सगळे पाय खाली सोडून बसतात. त्यांना मांडी घालता येत नाही, कारण त्यांच्या कमरेच्या सांध्याला तशी हालचालच दिलेली नाही. वीस वर्षांत एकदाही मला हे खटकलं नव्हतं. ज्या घरात मी मांडी घालून लिहायला शिकलो, मांडी घालून जेवलो, त्या घरातून येऊन मी जगाला बसवत होतो आणि त्यात माझ्या आईला बसायला सांधा नव्हता. कंपनीचा राग कसला करायचा? तो पुतळा रोज मीच उघडतो.

सकाळी बाऊमार्क्टमध्ये, अवजारांच्या मोठ्या दुकानात जाऊन करवत, पट्ट्या आणि लाकडाचा गोंद घेऊन आलो. आईची उंची डोळ्यांसमोर आणून हिशोब केला. टेबल तिच्यासाठी उंच पडतं, म्हणून ते खाली घ्यायचं. पाय पोचत नाहीत, म्हणून खाली एक खोकं ठेवायचं. भिंतीवरची पट्टी काढली तर भिंत कागदासारखी, स्क्रू धरायलाच तयार नाही. कॅरव्हॅन बनवणाऱ्यांना शिव्या देत आतून लाकडी पट्टी चिकटवली. घडीचा पाय कापला. टेबलाचा आतला कोपरा गोल केला, कड घासली, वर तेल लावलं. काम सुरेख झालं होतं. आणि साफ उलटं. ज्या बाईला गुडघ्यांना वर जागा हवी होती तिच्यासाठी मी टेबल खाली आणलं होतं. आता तिथे मांडी घालणं अवघड राहिलं नव्हतं, अशक्य झालं होतं. मनातल्या कुठल्यातरी खालच्या खणात मला तेच हवं होतं.

आई भुशात उभी राहून बघत होती. "माझ्यासाठी एवढं करतोयस?"

"हो," मी म्हणालो.

ती बसली. खोक्यावर पाय, टेबलावर हात, पहिलीतल्या नव्या पोरीसारखी. उरलेल्या मुक्कामात ती पुन्हा कधी खाली बसली नाही. दोन घास खायची आणि म्हणायची, "झालं माझं." तिचे पाय संध्याकाळी सुजायचे. ती ते चोळत तळ्याकडे बघत बसायची आणि कुणाचा फोन आला की सांगायची, "माझ्या लेकानं माझ्यासाठी टेबल कापलं."

मला ते बघवायचं नाही. मग मी भांडी गोळा करायचो. कँपिंगप्लाट्झवर भांडी घासायला एक सामायिक पत्र्याची खोली असते. स्टीलची सिंकं ओळीने मांडलेली, गरम पाणी वाफाळतंय, बायका-पुरुष खांद्याला खांदा लावून ताटल्या विसळताहेत, हवामानाविषयी बोलताहेत. मी कुकर, पातेली, ताटं प्लास्टिकच्या टोपल्यात भरून रोज दोन्ही वेळा तिथे जायचो आणि स्वच्छ झालेलं पातेलं पुन्हा घासत राहायचो. लोकांना वाटायचं, केवढा कष्टाळू नवरा. तिथेही माझं कौतुकच व्हायचं. या देशात मला कौतुकापासून कुठेच सुटका मिळाली नाही.

आई परत गेली. टेबल राहिलं. पुढचे दोन्ही मोसम मी त्या बुटक्या टेबलावर कोपरं टेकवून जेवलो आणि प्रत्येक घासाला मला ते 'झालं माझं' ऐकू आलं. फ्राऊ हुबरची उशी बाकाखालच्या कप्प्यात सापडली, तिच्यावर हळदीचा मोठा डाग. सईवर ओरडलो, "दुसऱ्यांच्या वस्तूंची काही किंमत?" ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

या वर्षी आई पुन्हा येते आहे. व्हिसा झाला. मी फोनवर म्हणालो, पेंटेकोस्टला तळ्यावर जाऊ.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी घरीच थांबेन. मला काय, गॅलरीत बसेन."

"अगं, बदकं बघायची नाहीत का?"

"बघितली की मागच्या वेळेला."

फोन ठेवल्यावर वृषाली म्हणाली, "बघ आता." तळ्याशिवाय आईची सुट्टी होऊ शकते. माझी होणार नव्हती. तिने त्या बाकावर बसून पोटभर जेवलेलं मला बघायचं होतं. आणखी किती वेळा ती एवढा प्रवास करणार आहे? मी इंटरनेटवर रात्री घालवल्या आणि कुणाच्यातरी मोडीत काढलेल्या कॅरव्हॅनमधला एक खांब मिळवला. जड लोखंडी बूड, त्यावर एकच जाड नळी, आणि वर अशी यंत्रणा की टेबल पुढे-मागे सरकतं आणि गोल फिरतं. भिंतीची पट्टी नको, घडीचा पाय नको. टेबल लांब ढकलायचं, आईने आरामात वर चढून मांडी घालायची, मग टेबल तिच्यापाशी ओढायचं. उंचीही वाढवता येते. तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते हे.

शनिवारी सईला ओढून कोठारावर नेलं. अंगणात थंडी, शेजारून गाईंचा वास. जुना पाय काढून फेकला. खांबाचं बूड जमिनीला बोल्टने आरपार धरावं लागतं, कारण कॅरव्हॅनची जमीन म्हणजे दोन पातळ फळ्या आणि मध्ये फोम. त्यात भोक पाडायचं म्हणजे पाणी शिरायचा धोका. त्यामुळे आधीच डोकं गरम. पहिलं भोक पाडलं. ड्रिल बाहेर काढलं तर भोकातून खालची माती आणि दोन-चार गवताच्या काड्या दिसल्या. वर बघितलं तर सई बाकावर, मोबाइल हातात, बूट काढून, मांडी घालून.

"सई, पाय खाली!"

"वारूम?" का, तिने विचारलं. मान वर न करता.

मला ते 'का' झेपलं नाही. मी ओरडलो की मी इथे गुडघे घासतोय आजीला नीट बसून जेवता यावं म्हणून, आणि तुझं लक्ष नाही.

तेव्हा तिने मोबाइल ठेवला आणि जर्मनमध्ये, फार शांतपणे सांगितलं, की याची काही गरज नाही, आजी तर बेडवरच जेवायची.

"कुठल्या बेडवर?"

इथेच, म्हणाली. तू भांडी घेऊन गेलास की आम्ही टेबल खाली उतरवायचो. गाद्या टाकायच्या, वर चढायचं. आजी दहीभात कालवायची, शेंगांची चटणी काढायची. सगळे मांडी घालून. तू यायच्या आत परत टेबल.

"सगळे म्हणजे कोण? तुझी आई पण?"

"या, गेनाऊ." हो, अगदी तीही. मग म्हणाली, "आणि फ्राऊ हुबर."

मी ड्रिल खाली ठेवलं. फ्राऊ हुबर! त्यांना मांडी जमायची नाही, सईने सांगितलं, त्या पाय लांब करून बसायच्या आणि चटणीने नाक लाल व्हायचं. उशीवरचा तो डाग त्यांचाच. आजीने त्यांना हाताने कालवायला शिकवलं होतं. आणि यातलं काही तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं.

ज्यांच्या नजरेसाठी मी आईला टेबलाशी जखडलं, त्या बाई तिच्या शेजारी बसून बोटं चाटत होत्या आणि मी पत्र्याच्या खोलीत धुतलेलं पातेलं धूत होतो. तीन वर्षं माझ्या जिवाला खाणारं ते 'झालं माझं' म्हणजे नुसती इशाऱ्याची घंटा होती. आता उठ बाबा, आम्हाला जेवू दे. इतका संताप आला की हसायला येईना आणि ओरडायलाही येईना. अपराधीपणसुद्धा माझ्याकडून काढून घेतलं होतं यांनी. तिथल्या तिथे बार्शीला व्हिडिओ कॉल लावला. आई शेंगा सोलत होती, खाली, चटईवर.

"आई, तू माझ्यामागे जेवत होतीस?"

तिने एक शेंग फोडली. "कुणी सांगितलं? सईनं? चोंबडी कुठली."

"मला का नाही सांगितलंस? टेबल चुकलं होतं तर बोलायचं ना!"

"टेबलाला काय झालंय? टेबल चांगलंच केलं होतंस." मग शेंगा बाजूला ठेवून ती फोनच्या अगदी जवळ आली. तिचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं. "तुझं तोंड बघून घास उतरायचा नाही रे. रागातल्या माणसापुढं कोण जेवणार? तू भांडी घेऊन गेलास की जरा हवा खेळायची आत."

गाईंच्या गोठ्यात कुणीतरी बादली आपटली. मी टेबल दोनदा मोजलं होतं, तिची उंची मोजली होती, गुडघा मोजला होता. माझं तोंड मोजायचं राहिलं होतं.

"आणि म्हणून तू या वेळी तळ्यावर येत नाहीस," मी म्हणालो.

"मी कशाला येऊ?" आई म्हणाली. "तू जेवताना भांडी कधी उचलायची ते बघत बसणार."

"मी नवीन खांब बसवतोय. टेबल सरकतं. तुला मांडी घालता येईल."

"नको. ते टेबल खालीच असू दे. बिछानाच बरा. सगळ्यांना पुरतो."

"मग मी कुठे बसू?"

"तू?" चष्म्यामागे तिचे डोळे बारीक झाले. "तू बस की पाय खाली सोडून. माणसांसारखा."

सई मोठ्याने हसली. तिकडे आईही हसली. मी फोन ठेवला, टेबल बाकांच्या पातळीला उतरवलं, गाद्या टाकल्या आणि बूट काढून वर चढलो. मांडी घालून बघितली. उजवा पाय आला. डावा गुडघा तंबूच्या काठीसारखा हवेत उभा. हाताने दाबला तर मांडीत कळ. मी, चोपन्न वर्षांचा, बसण्याचा जाणकार! सईने दोन्ही हातांनी माझा गुडघा खाली ढकलून बघितला, मग सोडून दिला आणि मला अडकलेली घडीची खुर्ची म्हणाली. माझ्या संगणकातला पुतळा मला चांगला ठाऊक होता. तो मीच होतो.

राग गेला असं मी म्हणणार नाही. राग जायला तो कुणावर आहे हे नक्की असावं लागतं, आणि आत्ता कुठे मी त्याचा पत्ता शोधायला लागलो आहे. भोक बुजवलं. खांब गॅरेजमध्ये पडून आहे. वृषालीने फ्राऊ हुबरना निरोप पाठवला, त्यांनी शेजारचीच जागा धरली आहे. आईने चटणी कुटायला घेतली आहे, पण तळ्यावर येईन असं अजून तोंडाने म्हणालेली नाही. मी रोज कामावरून आल्यावर बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून गुडघा दाबतो. सई येता-जाता बघते. अजून तो खाली टेकत नाही. टेकला नाही तर फ्राऊ हुबरसारखे पाय लांब करून बसेन.

पातेली धुवायला मात्र या वेळी मी जाणार नाही.